‘पॅड बदला’ म्हणू नका, काय होतंय ते सांगा

गाडी गॅरेजला लावताना बहुतेक लोक दोनपैकी एक वाक्य बोलतात. एक तर, "काही विशेष नाही, जनरल सर्व्हिसिंग करा, सगळं बघून घ्या." नाही तर थेट निकालच, "क्लचप्लेट गेलीय, टाकून द्या." दोघांनाही गाडी परत मिळते, बिल मिळतं आणि पुष्कळदा मूळ तक्रारही गाडीबरोबर घरी येते. मग आपण चारचौघांत सांगतो, की तो मेकॅनिक चोर आहे. चोर असतातही. पण मला मनापासून वाटतं, की यातली बरीच भांडणं चोरीची नसतात. आपण नीट सांगितलेलं नसतं आणि त्यांनी नीट विचारलेलं नसतं.

मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. गाड्यांना लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट आम्ही बनवतो. कधी कस्टमरचा नुसता ‘पार्ट रिजेक्ट’ असा मेल येतो. त्यावर मी काय करणार? लॉट कुठला, नग किती, भोक सरकलंय की कडेला बर (कापलेल्या पत्र्याची खरखरीत धार) आलीय, जोडणी करताना कळलं की मोजताना, हे कळल्याशिवाय हातच घालता येत नाही. नवीन पोरं लाइनवर आली की त्यांना मी पहिली गोष्ट शिकवते ती हीच. आधी जे दिसलं ते लिही, कारण नंतर. रिपोर्टमध्ये पहिल्याच ओळीत ‘डाय (म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा) घासलाय’ असं लिहिलं, की सगळे डायकडेच बघत बसतात. दोष पत्र्याच्या जाडीत असला तर तो तसाच राहतो आणि पुढच्या लॉटला पुन्हा उगवतो.

गॅरेजमध्ये अगदी हेच होतं. ते मी घरच्याच गाडीत पाहिलंय.

माझा धाकटा भाऊ दिंडोरीला असतो. दिवाळीनंतर तो घरच्यांना घेऊन सप्तशृंगी गडावर गेला होता. परत येताना, नांदुरीकडे उतरत असताना, ब्रेकचं पेडल एकदम खोल गेलं. मागे पोरं बसलेली. हॅन्डब्रेक आणि खालचा गिअर वापरून त्याने कशीबशी गाडी कडेला घेतली. थोड्या वेळाने पेडल पुन्हा ठीक झालं, म्हणून हळूहळू खाली आला. दुसऱ्या दिवशी गॅरेजला जाऊन म्हणाला, "ब्रेक लागत नाहीत." त्यांनी गाडी चालवून बघितली, सपाट रस्त्यावर ब्रेक झकास लागत होते. पॅड काढून बघितले, तेही शिल्लक होते. साफसफाई करून गाडी परत दिली. भावाचं समाधान होईना, म्हणून दुसरीकडे नेली. तिथे मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइलवर दाब देणारा भाग, बदलायचा सल्ला मिळाला. तो मागवायच्या आधी त्याने मला फोन केला, हे बरं झालं.

मी त्याला कामावर विचारते तसेच प्रश्न विचारले. गाडी कुठल्या गिअरमध्ये होती? ब्रेक सतत दाबून होतास की अधूनमधून? पेडल कडक होतं पण गाडी थांबत नव्हती, की पेडलच मऊ पडून आत जात होतं? किती वेळाने बरं झालं? त्याने सांगितलं, चौथ्यात होती, जवळजवळ सगळा उतार ब्रेकवरच उतरलो, पेडल मऊ पडलं, उभी करून पंधरा-वीस मिनिटं गेल्यावर नेहमीसारखं झालं. म्हटलं, हेच चार ओळींत लिही आणि गॅरेजवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठव. कुठला पार्ट टाकायचा ते तू लिहू नकोस.

मेसेज वाचल्यावर मेकॅनिकचा पहिला प्रश्न आला, "ब्रेक ऑइल कधी बदललं होतं?" गाडी घेतल्यापासून ते बदललेलंच नव्हतं.

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. त्याचे डॉट ३, डॉट ४ असे दर्जे असतात. नवीन डॉट ३ ऑइल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये अशी मानकाची अट असते, ओल धरलेल्यासाठी हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४चे आकडे २३० आणि १५५. सलग ब्रेक दाबून घाट उतरला, की पॅड आणि डिस्क तापतात, ती उष्णता ऑइलपर्यंत जाते, जुनं ऑइल उकळतं आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते, म्हणून पेडल खोल जातं. गार झालं की सगळं पूर्ववत. गॅरेजच्या दारातल्या सपाट रस्त्यावर हा दोष दिसणारच नाही. मेकॅनिक कितीही हुशार असला तरी ‘घाट उतरताना’ आणि ‘उभी केल्यावर ठीक होतं’ हे त्याला गाडीत बसलेल्या माणसाकडूनच कळणार. ऑइल बदलून, लाइनमधली हवा काढून काम झालं. मास्टर सिलिंडरच्या मानाने खर्च अगदीच किरकोळ. आणि भाऊ आता गड उतरताना गाडी दुसऱ्यात ठेवतो.

काय होतंय यापेक्षाही कधी होतंय, हे जास्त महत्त्वाचं असतं. स्टिअरिंग थरथरतं, एवढंच सांगितलं तर त्याचा अर्थ काहीही निघतो. महामार्गावर ८०-९०च्या वेगाला थरथरतं आणि त्याखाली शांत असतं, असं सांगितलं तर चाकांचं बॅलन्सिंग आधी बघतील. एरवी शांत असतं, ब्रेक दाबला की थरथरतं, असं सांगितलं तर डिस्ककडे जातील. एसी गार करत नाही, ही तर उन्हाळ्यातली सगळ्यांची तक्रार. पण द्वारका सर्कलला अडकलं की गरम हवा येते आणि आडगावच्या पुढे गाडी पळायला लागली की गार होतो, असं म्हणालात तर कुठलाही जाणता माणूस गॅस भरायच्या आधी कंडेन्सरचा (एसीचा गॅस गार करणाऱ्या जाळीचा) पंखा फिरतोय का ते बघेल.

आवाजाचंही तसंच. मराठीत आवाजांना शब्दांची कमी नाही. खट्, टकटक, घरघर, किरकिर, खडखड, सूं, शिट्टी. बिनधास्त तेच वापरा, मेकॅनिकला ते बरोबर कळतात. पूर्ण स्टिअरिंग वळवून यू-टर्न घेताना टक-टक-टक येतं, हे वाक्य त्याला थेट ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटपाशी नेतं. स्पीडब्रेकरवर एकच खट् येतो, म्हणालात की तो सस्पेन्शनमधले लिंक रॉड आणि बुश (सांध्यातले रबर) हलवून बघतो. वेग वाढला की घूंऽ वाढतं आणि लांब वळणावर कमी-जास्त होतं, म्हणालात की चाकाचं बेअरिंग. पावसाळ्यात सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला किर्र वाजून थांबत असेल, तर बहुधा रात्रीतून डिस्कवर धरलेला गंज असतो. दिवसभर वाजत राहिलं तर पॅड संपत आल्याची खूण असू शकते. शब्द दोन्हीकडे किर्रच आहे, फरक वेळेचा आहे.

एक साधी चाचणी मी सगळ्यांना सांगते. रस्ता मोकळा आणि सरळ असेल, तेव्हा चालत्या गाडीत आवाज येत असताना ॲक्सिलरेटर सोडून क्षणभर न्यूट्रल करा. इंजिन बंद करायचं नाही, आणि हे घाटात तर अजिबात करायचं नाही. आवाज तसाच राहिला तर तो चाकं-टायर-बेअरिंगच्या बाजूचा. मग गाडी उभी करून नुसती रेस द्या. तिथेही आला, तर इंजिनच्या बाजूचा. ही एक ओळ तुम्ही सांगितलीत, की मेकॅनिकचा अर्धा तास वाचतो, आणि त्याचा वेळ म्हणजे तुमची मजुरी. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवणं तर फारच उपयोगी. गॅरेजला नेलं की आवाज हमखास बंद होतो, हा सगळ्यांचाच अनुभव. शक्य असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर एक चक्कर मारा, आवाज आला की बोट दाखवा आणि मग गप्प बसा. त्याला ऐकू द्या.

डॅशबोर्डवरच्या दिव्यांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे गैरसमज फार. इंजिनचा पिवळा दिवा लागला की गॅरेजवाले स्कॅनर लावतात आणि एक कोड येतो. कोड आला म्हणजे निदान झालं, असं बरेच जण समजतात. उदाहरणार्थ, पी०१७१ म्हणजे इंजिनला जाणाऱ्या मिश्रणात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. ती कुठल्या तरी फाटक्या पाइपातून शिरत असेल, पेट्रोलचा दाब कमी असेल किंवा एखादा सेन्सर चुकीचं सांगत असेल. कोड गल्ली दाखवतो, घर शोधावं लागतं. म्हणून मी नेहमी दोन गोष्टी विचारते: कोड कुठला आला, तो कागदावर लिहून द्या, आणि हाच पार्ट खराब आहे हे कशावरून ठरवलंत? चांगला मेकॅनिक या प्रश्नाने चिडत नाही, उलट खुलतो. आणि दिवा कधी लागला, सलग होता की लुकलुकत होता, पेट्रोल नुकतंच भरलं होतं का, हेही सांगायचं. लुकलुकणारा दिवा म्हणजे सहसा इंजिन मिसफायर करतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाहीये. तशीच गाडी दामटली तर सायलेन्सरच्या लाइनमधला महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) जातो. तेलाचा लाल दिवा लागला तर गॅरेजपर्यंतही चालवत जाऊ नका, तिथेच बंद करा आणि फोन करा.

आता कागदाकडे. अधिकृत सर्व्हिस सेंटरला जॉब कार्ड, म्हणजे गाडीवर काय काम करायचं त्याचा कागद, बनतं. त्यावर सही करायच्या आधी तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहिली आहे का ते वाचा. तुम्ही सांगता पाच वाक्यं आणि कार्डावर उतरतं ‘सस्पेन्शन नॉइज चेक’. गाडीला हात लावणारा माणूस तुम्हाला भेटलेलाच नसतो, त्याच्या हातात एवढेच तीन शब्द पडतात. मी कार्ड लिहिणाऱ्या ॲडव्हायजरला शांतपणे सांगते, "पुढून डावीकडून, स्पीडब्रेकरवर, सकाळी जास्त, असं लिहा." लिहितात. त्यात काही अवघड नाही, फक्त तिथे उभं राहावं लागतं.

एका सर्व्हिस सेंटरमध्ये मला अंदाजपत्रक दिलं, त्यात इंजिन फ्लशिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचं निर्जंतुकीकरण आणि कसलंसं कोटिंग होतं. मी ग्लोव्ह बॉक्समधलं पुस्तक काढलं, मेंटेनन्सचं पान उघडलं आणि विचारलं, "यातलं पुस्तकात काय आहे आणि तुमचा सल्ला म्हणून काय आहे, तेवढं खुणा करून द्या." त्या मुलाने स्वतःच एकेका ओळीवर काट मारली. मी आवाज चढवला नाही, त्यानेही नाही. पुस्तकात किलोमीटर आणि महिने असं कोष्टक असतं, दोन्हीपैकी जे आधी येईल ते धरायचं. माझ्या गाडीला ऑइल दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला. गाडी कमी फिरते म्हणून वर्ष उलटून जाऊ देणारे लोक मला भेटतात, त्यांनाही हेच पान दाखवावंसं वाटतं.

छोट्या गॅरेजमध्ये जॉब कार्ड नसतं. तिथे माझं काम व्हॉट्सॲपवर चालतं. मुंबई नाक्याच्या मागच्या बाजूला एक चाचा आहेत, माझी गाडी बहुतेक वेळा त्यांच्याकडे असते. गाडी सोडताना मी तीन वाक्यं न चुकता लिहून पाठवते. मला विचारल्याशिवाय जादा काम करू नका. मी फोन नाही उचलला तर थांबा, उशीर झाला तरी चालेल. काढलेले जुने पार्ट डिकीत ठेवा. सुरुवातीला त्यांना वाटलं, की या बाईंचा विश्वास नाही. मी त्यांना सांगितलं, "चाचा, विश्वास आहे म्हणूनच तुमच्याकडे येते. पण कंपनीत माझ्यावर विश्वास असूनही माझी सही लागतेच ना." आता फोनवर ते स्वतःच फोटो पाठवतात: सांध्यावरचं फाटलेलं रबरी बूट, चिरलेला बेल्ट, झिजलेला पॅड आणि शेजारी नवा.

त्यांचा फोन आला, की माझा एकच प्रश्न असतो: "हे आज नाही केलं तर काय होईल?" या प्रश्नाने कामं आपोआप वेगळी होतात. ब्रेक, टायर, स्टिअरिंग, गळणारं इंधन, हे आजच. बुश थोडं झिजलंय, हे पगार झाल्यावर. सीटखालची कुरकुर पुढच्या सर्व्हिसला. खरंच गरज असलेलं काम पैशांसाठी अडू नये आणि भीतीपोटी नको ते काम होऊ नये, दोन्ही याच प्रश्नातून साधतं.

पार्ट कुठल्या बनावटीचा, हेही आधीच बोलून घ्यायचं. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला, दुसऱ्या नावाजलेल्या कंपनीचा की लोकल. मी स्वतः या साखळीत काम करते. गाडीच्या कंपन्या सगळे पार्ट स्वतः बनवत नाहीत. सातपूर-अंबडच्या कितीतरी कारखान्यांत तेच चालतं. म्हणून दुसऱ्या कंपनीच्या पार्टला मी नाक मुरडत नाही. ब्रेक आणि स्टिअरिंगमध्ये मात्र बिननावाचा पार्ट नको, हे ठणकावून सांगते. रिकामं खोकं मागून घ्या. त्यावर पार्ट नंबर असतो आणि एमआरपी. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, तिच्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून ज्या सुट्या भागांवर २८ टक्के जीएसटी होता तो १८ झाला, मजुरीवरही १८च आहे. बिलावर टक्का बघून घ्या. नोंदणी नसलेल्या छोट्या गॅरेजला जीएसटी लावताच येत नाही, पण पावती तरी हवीच. मागूनही बिल दिलं जात नसेल, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ती अनुचित प्रथा आहे. प्रकरण ताणलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. पण वाद घालायला हातात काहीतरी लागतं, आणि ते म्हणजे तो मेसेज, ते जॉब कार्ड, ते खोकं.

बायकांसाठी थोडं वेगळं लिहिते. गाडी माझ्या नावावर, चालवते मी, तक्रार मी सांगते आणि उत्तर मात्र शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याला मिळतं. हे फार वेळा होतं. आमचे हे आता सरळ म्हणतात, "मला काही माहीत नाही, गाडी तिची आहे." तेवढं पुरतं. एकट्या जात असाल तर लिहून नेलेला कागद फार कामाला येतो. कागद समोर ठेवला, की बोलणं गाडीवर येतं, आपल्यावर राहत नाही. इंजिनमधलं सगळं कळलं पाहिजे असं काही नाही. रोज गाडी चालवणाऱ्या बाईला तिची गाडी कालपेक्षा आज वेगळी वागतेय हे कळतं, आणि ती माहिती गॅरेजमध्ये दुसऱ्या कुणाकडेच नसते.

मेकॅनिकची बाजूही मांडली पाहिजे. चाचा सांगतात, लोक सगळ्यात जास्त लपवतात ते पाण्याचं. पावसाळ्यात इगतपुरी-घोटीकडे किंवा शहरातच साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडते, माणूस पुन्हा पुन्हा सेल्फ मारतो, आणि गॅरेजला येऊन म्हणतो, "उभी होती, सुरूच होईना." इंजिनात पाणी शिरलेलं असताना सेल्फ मारला तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. आधी कळलं तर ते प्लग काढून पाणी बाहेर काढतात, मगच फिरवतात. न सांगितल्यामुळे तेही एकदा सेल्फ मारून बघतात, आणि वाचलं असतं ते इंजिन जातं. आधी दुसऱ्या कुणी उघडलं होतं का, बाहेरून हॉर्न किंवा लाइट बसवून वायर कापली होती का, गाडी कुठे आपटली का, हे सगळं सांगायला हवं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आणि "संध्याकाळी पाचला लागेलच" ही घाई खरंच गरज असेल तरच करावी. आवाज शोधायला वेळ लागतो. वेळ नाही दिला तर माणूस अंदाजाने पार्ट टाकतो.

गाडी घेतानाही पैसे देण्याआधी एक चक्कर मारून बघते, तक्रार होती त्याच परिस्थितीत. स्पीडब्रेकरची तक्रार असेल तर स्पीडब्रेकरवर. आवाज राहिला असेल तर तिथल्या तिथे सांगितलेलं त्यांनाही बरं वाटतं. आठ दिवसांनी फोन गेला, की मधल्या काळात काय घडलं हे दोघांनाही सांगता येत नाही.

येत्या शनिवारी माझी वॅगनआर चाचांकडे जायची आहे. त्यांना पाठवायचा मेसेज लिहून ठेवलाय, नमुना म्हणून जसाच्या तसा देते:

"चाचा, नमस्कार. गाडी ७८,४०० किमी झालीय, मागचं ऑइल ६९,१००ला बदललं होतं. ऑइल, ऑइल फिल्टर आणि पुस्तकात या टप्प्याला असेल ते करायचंय. तक्रारी दोन. पुढून डावीकडून खट् येतो, स्पीडब्रेकरवर, वेग कमी असताना. सकाळी जास्त, दुपारी कमी. सपाट रस्त्यावर नाही, वळताना नाही. दोनेक आठवड्यांपासून आहे. व्हिडिओ खाली टाकलाय. दुसरी, पहाटे पहिला सेल्फ जड जातो, दिवसा ठीक. बॅटरी चार वर्षांची आहे, पण आधी लोड लावून तपासा, चार्जिंगही बघा, मग ठरवू. मधे कुणी काही उघडलेलं नाही. पाण्यातून नेलेली नाही. सोमवारी संध्याकाळी मिळाली तरी चालेल. जादा काम निघालं तर आधी फोन. जुने पार्ट डिकीत."